इंदिरानगरची दगडी जोडी

आज दोन घरांबद्दल बोलू या. बंगळूरच्या इंदिरानगरात आमच्या गल्लीत ती खेटून उभी आहेत, दोन्ही ग्रॅनाइटची. एक विकलं गेलंय आणि पुढच्या महिन्यात पाडणार आहेत, म्हणून जरा घाईनं बोलतोय.

आपले वाडे आठवा. जोतं काळ्या पाषाणाचं, वर विटा आणि सागवानी सांगाडा. आपल्या बसाल्टच्या खांडक्या छान घडतात, पण लांबरुंद फळ्या सहसा निघत नाहीत. इथला खडक निराळा. लालबागेत केंपेगौडांचा बुरूज आहे ना, त्या टेकडीवर उभे राहा. पायाखाली सुमारे ३०० कोटी वर्षांचा खडक असतो. त्याचे थर पृष्ठभागाला समांतर सुटतात. पूर्वीचे दगडफोडे खडकावर रेषेत लाकडं पेटवून जाळ हळूहळू पुढे सरकवत. तापलेला थर खालच्या खडकापासून सुटे, मग पाचरी मारून फळ्या काढत. १८९५ साली ‘नेचर’मध्ये या पद्धतीचं वर्णन छापून आलंय. त्या फळीला इथे चप्पडी म्हणतात.

आमच्या जोडीत भिंती घडीव दगडांच्या, म्हणजे इथल्या गवंड्यांच्या भाषेत ‘साइझ स्टोन’च्या. खिडक्यांवरचे छज्जे, जिन्याच्या पायऱ्या, कुंपणाच्या उभ्या फळ्या, सगळी चप्पडी. दगड दाबाला पक्का, पण वाकायला कच्चा. म्हणूनच खिडक्या अरुंद आहेत. हौस म्हणून नव्हे!

एका घराचा दगड उघडा ठेवलाय. दुसऱ्याला मालकांनी गिलावा करून रंग दिला आणि तो दर पावसाळ्यात फुगतो. ग्रॅनाइट पाणी फारसं पीत नाही. पाणी शिरतं दरजांतून. दरजा भरायच्या सोडून दगड झाकला, तर ओल आतच कोंडते.

इंग्लंडात लिंकन गावी ज्यूज हाउस आणि ज्यूज कोर्ट अशी शेजारी दगडी घरं आहेत. ज्यूज हाउस बाराव्या शतकातलं. त्याच्या दाराच्या कमानीवरच वरच्या मजल्याच्या चुलाण्याचं धुराडं पेललेलं आहे. ते अजून वापरात आहे, आणि आमची घरं पन्नाशीही नीट ओलांडत नाहीत.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही. मुलं परदेशात, जमिनीचा भाव डोळे फिरवणारा. मला काळजी उरलेल्या घराची आहे. नव्या इमारतीला तळघरात पार्किंग हवंय. जुन्या भिंतीचा पाया दगडी आणि उथळ. त्याच्या खाली एकदम सरळ खोदलं, तर पायाखालची माती सुटते आणि भिंत तिरकी तडकते. तेव्हा शेजाऱ्यांनी आधी भिंतींचे तारखेसह फोटो काढावेत, तड्यांवर काचपट्ट्या चिकटवाव्यात. पट्टी तुटली, तर भिंत हलतेय. बांधकामवाल्याकडून खोदाई लहान लहान टप्प्यांत आणि आधार देऊनच करायचं लेखी घ्यावं.

आणि चप्पड्या जेसीबीनं फोडू नका. हातानं उतरवल्या, तर जशाच्या तशा निघतात. पायऱ्यांना गिऱ्हाईक मी शोधलंय. कुंपणाच्या फळ्या अजून शिल्लक आहेत, कुणाला हव्या असतील तर कळवा.