लाल सलाईन आणि सल्ल्याचा डबा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात महिला मंडळातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव साहेबांनी मला विषय दिला 'आजारपणातले अनुभव'. मी म्हटलं, साहेब, लोक जेवायला आलेत, त्यांना आजारपण कशाला ऐकवायचं? तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही हसत हसत सांगता, म्हणून तुम्हीच बोला." पंचवीस वर्षं मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सवय राहत नाही. तर बोलते.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. हे वाक्य माईकवर मुद्दाम मोठ्याने म्हणते आहे, कारण आपल्याकडे हा शब्द कुजबुजूनच बोलतात. माझ्या लहानपणी तर तो शब्द नव्हताच. कुणाला असलं काही झालं की बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "टाटाला नेलंय." मुंबईचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडची माणसं परळला जातात, आणि आता दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. पण इकडे गावात 'टाटाला नेलं' म्हणजे माणूस सगळ्यांना टाटा करूनच गेला, असा अर्थ लावायचे. त्यातले कितीतरी परत येऊन नातवंडांच्या लग्नात जेवले, ते मात्र कुणी सांगत नसे.

माझे उपचार संभाजीनगरला झाले. आधी ऑपरेशन, मग सोळा केमो. चार लाल, दर एकवीस दिवसांनी. मग बारा पांढऱ्या, दर आठवड्याला. लाल म्हणजे खरंच लाल, रूह अफजा सलाईनला लावल्यासारखं. डॉक्सोरुबिसिन नाव त्याचं. ते घेतलं की दिवसभर लघवीही लाल होते. सिस्टरने आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी बाथरूममधूनच ॲम्ब्युलन्स बोलावली असती.

डॉक्टरांना मी विचारलं, एवढं कशापासून बनवतात हो? त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क. लाल औषध मिळालं इटलीतल्या मातीतल्या जंतूपासून. त्याच्याबरोबरचं दुसरं औषध महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या नात्यातलं. त्या वायूने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात हे दिसलं, आणि त्यावरूनच १९४२ च्या सुमारास अमेरिकेत केमोची सुरुवात झाली. माझं पांढरं औषध मूळचं एका झाडाच्या सालीतलं. आणि आपल्या गेटपाशी जी सदाफुली आहे ना, जिला कुणी पाणीसुद्धा घालत नाही, तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचं केमोचं औषध काढतात, लहान लेकरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते अजून वापरतात. आता उद्या सकाळी जाऊन सदाफुलीची पानं चावू नका बरं का. औषध आणि झाडपाला यात फरक आहे.

केमो करते काय, तर भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. कॅन्सरच्या पेशी तशाच. पण केसांची मुळं, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतलं अस्तर, हाडातला रक्त तयार करणारा मगज, हेही सगळे भराभर वाढणारे. औषधाला ओळखपत्र तपासता येत नाही, जो धावताना दिसेल त्याला पकडतं. म्हणून केस जातात, तोंड येतं, पोट बिघडतं, अंगातली ताकद जाते. एवढं समजलं तरी निम्मी भीती कमी होते. मी तरी 'माझ्यात काहीतरी नवीनच बिघडलं' असं समजायचं थांबवलं.

केस सतराव्या दिवशी गेले. उशीवर, वरणात, फणीत, सगळीकडे केस. कोपऱ्यावरचे सलूनवाले दादा घरी आले, मशीन फिरवलं, पैसे घेतले नाहीत. आमचे हे वीस वर्षांपासून टकले आहेत. एरवी विनोद वगैरे त्यांच्या स्वभावात नाही, निदान झाल्यापासून तर चार शब्दसुद्धा बोलत नव्हते. त्या दिवशी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "उन्हात जाताना टोपी घालत जा. टाळू भाजते. मला अनुभव आहे." परभणीचा मे महिना होता, सल्ला खराच होता. पण मी जी हसायला लागले, ती रडेपर्यंत हसले, आणि ते पण. घरात महिन्यानंतर आवाज झाला होता.

केसांबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. फक्त डोक्याचे जात नाहीत. भुवया, पापण्या, नाकातलेसुद्धा जातात. आणि नाकातले गेले की नाक सारखं गळतं. देवाने ते केस शोभेसाठी दिले नव्हते हे मला साठीला आल्यावर कळलं.

आता मुद्द्याचं सांगते. केमोचे बरेचसे त्रास लाज वाटणारे असतात. बद्धकोष्ठ, जुलाब, तोंडाचा वास, खाली आग होणं. हे डॉक्टरला पाच मिनिटांत, मागे रांग उभी असताना, सोबत दीर किंवा जावई असताना कसं सांगायचं? बायका सांगतच नाहीत. विचारलं तर "ठीक आहे" म्हणतात. मीही तशीच. मग मी एक वही केली आणि तिच्यात आपल्या सोसायटीच्या फळ्यावर लिहितात तशा नोटिसा लिहायला लागले. एक वाचून दाखवते.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पोटाचे कार्यालय मंगळवारपासून बंद आहे. कर्मचारी आत आहेत, परंतु दार उघडत नाहीत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी."

ही वही मी डॉक्टरांपुढे सरकवली. ते हसले, शेजारची सिस्टर हसली, आणि हसता हसता त्यांनी चिठ्ठीवर औषध लिहिलं. म्हणाले, उलटीसाठी जी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी देतो तिच्यामुळेच हे होतं, आधी का नाही सांगितलं? दुसरी नोटीस होती, "रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येतात, चोर नसून मीच आहे." तर कळलं की केमोसोबत जे स्टेरॉइड देतात त्याने झोप उडते. माझं ते संध्याकाळी चालू होतं, डॉक्टरांनी सकाळचं करून दिलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तेव्हा माझ्या डब्यांच्या आवाजाने बिचाऱ्या सहन केलं, त्यांची जाहीर माफी मागते.

माझं हसणं ते एवढंच. जे तोंडातून निघत नव्हतं ते त्या वहीमुळे निघालं, आणि निघालं म्हणून त्यावर इलाज झाला. हसल्याने गाठ विरघळते वगैरे माझा विश्वास नाही. अतुल परचुरे यांच्यासारखा नट, ज्याने सगळ्या महाराष्ट्राला हसवलं, आपल्या यकृताच्या कॅन्सरबद्दल मुलाखतींतून मोकळेपणाने बोलला, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. हसून कॅन्सर जात असता तर पहिला त्यांचा गेला असता. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत हास्यक्लब सुरू केला, तो व्यायाम म्हणून छान आहे, आपल्याही मैदानावर करा. पण केमो चुकवून करू नका. त्या दिवसांत मला एका बहिणीने पद्मजा फाटक यांचं 'हसरी किडनी' आणून दिलं. त्यांची किडनी गेली होती, दुसरी बसवली, त्या सगळ्या दिव्यावर त्यांनी हे पुस्तक लिहिलं. आजार वेगळा, पण दवाखान्यातल्या खुर्च्या सगळीकडे सारख्याच. मला ते वाचून धीर आला की असं लिहिलं तरी चालतं, लोक काही म्हणत नाहीत.

चवीचं सांगायचं राहिलं. वरणाला पत्र्याची चव, चहाला पत्र्याची चव. स्टीलचा चमचा तोंडात घातला की नाणं चघळल्यासारखं. मी लाकडी चमचा घेतला, फरक पडला. फोडणीच्या वासाने मळमळायचं, म्हणून अन्न गार करून खायचे, गारला वास कमी येतो. तोंडात फोड आले तेव्हा भाकरी म्हणजे सॅंडपेपर. ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून खाल्ल्या, आणि कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा चिमूटभर घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. ज्वारीचं विद्यापीठ गावात असून ज्वारी चावता येत नाही, यापेक्षा मोठी शिक्षा परभणीकराला नाही!

पांढऱ्या केमोने हातापायाला मुंग्या. ब्लाउजची हुकं लागेनात. चप्पल पायातून निघून जायची आणि मला दहा पावलं पुढे गेल्यावर कळायचं. देवळात न जाता चप्पल हरवणारी मी या गावातली पहिलीच असेन. हेही वहीत लिहिलं, आणि डॉक्टरांनी एकदा डोस कमी केला. लपवलं असतं तर मुंग्या कायमच्या राहू शकतात, असं ते म्हणाले.

पण एका गोष्टीवर मी कधी विनोद केला नाही, आणि तुम्हीही करू नका. ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गेटवरचे सगळे वॉचमन एकदम सुट्टीवर. तेव्हा १००.४ ताप आला की रात्र असो, सण असो, दवाखान्यात फोन करायचा आणि निघायचं. घरची पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबून सकाळची वाट बघायची नाही.

डे-केअरला माझ्या शेजारच्या खुर्चीवर जिंतूर तालुक्यातली एक बाई यायची. फार हजरजबाबी. पहिल्या भेटीत मी परभणीची म्हटल्यावर म्हणाली, "जगात जर्मनी, भारतात परभणी. मग इथं कामून आलाव?" सगळा वॉर्ड हसला. तिला तिसऱ्या केमोनंतर ताप आला, तो तिने दोन दिवस कुणाला सांगितला नाही. मी नंतर विचारलं, का गं? म्हणाली, "माय, सोयाबीन काढायला आलं व्हतं. ताप काय सगळ्यालाच येतो." नऊ दिवस आयसीयूत होती. वाचली. पुढच्या खेपेला आली तेव्हा निम्मी झाली होती, तरी मला म्हणाली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." मग आमच्या तारखा बदलल्या. परत भेट झाली नाही. तिचा नंबर घेतला नव्हता.

भेटायला येणाऱ्यांबद्दल थोडं बोलू का? हसू नका, तुमच्याबद्दलच आहे. कुणी गव्हांकुर सांगितला, कुणी गोमूत्र, कुणी पपईची पानं. एकजण तर सोफ्यावर बसता बसता म्हणाले, "आमच्या साडूला हेच झालं होतं, तीन महिन्यांत गेला." आणि बिस्किट घेतलं. मग मी टीपॉयवर एक डबा ठेवला. त्यावर लिहिलं, 'सल्ला दहा रुपये, गेलेल्या माणसाची गोष्ट वीस रुपये.' सोळा केमोत दोनशे ऐंशी रुपये जमले. बऱ्याच जणांनी हसत भरले आणि पुढच्या वेळी सल्ल्याऐवजी कण्या आणल्या. त्या जास्त उपयोगी पडल्या. काढे, चूर्णं काहीही घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. लिव्हरवर आधीच केमोचा भार असतो.

आणि एक. विनोद पेशंटने करायचा, बाकीच्यांनी त्याच्या मागून. आमच्या भाच्याने एकदा प्रेमानेच म्हटलं, "मामी, आता लाईट गेली तरी चिंता नाही." एरवी मी हसले असते. त्या दिवशी रिपोर्ट यायचा होता, मी आत जाऊन रडले. त्याची चूक नव्हती, वेळ चुकली. तसंच "पॉझिटिव्ह राहा, हसत राहा" असं सारखं म्हणू नका. काही दिवस माणसाला भिंतीकडे तोंड करून पडू द्यावं. मीही पडले आहे. पाचव्या पांढऱ्या केमोनंतर चार दिवस मी कुणाशी बोलले नाही, आणि त्या चार दिवसांत वहीत एकही नोटीस नाही. ह्यांनी फक्त दर दोन तासांनी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

खर्चाचं आणि प्रवासाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात त्यांना आधी भेटा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीला तिकिटात पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. डॉक्टरांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आपल्या स्टेशनवर कितीतरी माणसं पूर्ण तिकीट काढून जाताना मी पाहिली आहेत, कारण सवलत मागायची तर खिडकीवर आजाराचं नाव घ्यावं लागतं.

आपल्या संस्थेत इतकी घरं आहेत. आज इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात फाईल कपाटात, कपड्यांखाली ठेवलेली असेल. त्यांनी आज काही बोलायची गरज नाही. माझं घर पाण्याच्या टाकीसमोर आहे, दुपारी चार नंतर मी असतेच. माझ्याकडे सहा सुती स्कार्फ आहेत, धुऊन ठेवलेले, एक लाकडी चमचा नवाकोरा आहे, ती वही आहे, आणि एक जास्तीचा थर्मामीटर आहे. थर्मामीटर न्या, पण काम झालं की परत आणा. सोसायटीची शिडी दोन वर्षांपासून कुणाकडे आहे ते अजून सचिव साहेबांना सापडलेलं नाही.

जेवण गार होतंय, चला.