पाचवे शील आणि गुरुवारची सभा

(संस्थेच्या वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्याच्या विनंतीवरून नाव छापलेले नाही.)



मला ‘व्यसनमुक्ती : काळाची गरज’ हा विषय दिला होता. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी माझेच सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते माहीत आहे. माहीत नाही असे सगळे दाखवत होते, एवढेच.

मी बँकेत कारकून. दिवसभर लोकांच्या नोटा मोजायच्या. पुढे पुढे सकाळी हात इतके कापायचे, की शंभराचे बंडल दोनदा मोजले तरी आकडा जुळत नसे. मग काउंटरवरून माझी रवानगी आतल्या टेबलावर झाली. दर रविवारी मात्र मी या विहारात येत होतो. चार शीले खणखणीत म्हणायचो आणि पाचव्याला ओठ मिटायचो. एकदा मुलीने घरी विचारले, “पप्पा, शेवटचे शील तुम्ही म्हणत का नाही?” ती तेव्हा सातवीत होती. मी तिच्यावर ओरडलो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली सतरावी दारूची. माझ्या आजोबांनी ती घेतली आणि मरेपर्यंत पाळली. मी तर ती कितीतरी वेळा घेतली! जयंतीला घ्यायची आणि पगाराच्या दिवशी मोडायची. आपल्या समाजात प्रतिज्ञा मोठ्या आवाजात होते, म्हणून ती मोडणारा लपतो. लपला की आणखी पितो. हे मी अनुभवाने सांगतो.

सभेचा पत्ता मला दवाखान्यातल्या भिंतीवरच्या एका कागदावरून मिळाला. महापालिकेची शाळा, गुरुवार, संध्याकाळी सात. पहिल्या गुरुवारी शाळेला दोन फेऱ्या मारल्या आणि परत फिरलो. ओळखीचे कोणी दिसले तर, ही भीती! दुसऱ्या गुरुवारी धीर यावा म्हणून पिऊन गेलो. कोणी हाकलले नाही. चौथीच्या मुलांच्या बाकांवर दहा-बारा मोठी माणसे गुडघे दुमडून बसली होती. एक रिक्षावाला, एक निवृत्त मास्तर, एक चांगल्या कपड्यातले गृहस्थ. आडनाव कोणी विचारले नाही. आपल्या माणसाला या गोष्टीचे काय वाटते, ते मी वेगळे सांगायला नको.

ही अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभा. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात उभा होता. समोर बार होता. आपण पिऊ नये म्हणून त्याने बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो सापडला डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. त्या दोघांपासून हे सुरू झाले. सभासद होण्याला अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. फी नाही. शेवटी एक डबा फिरतो, जमेल त्याने टाकावे. बाहेरची देणगी घेत नाहीत. उपदेश कोणी करत नाही. जो तो आपले सांगतो, दुसरा मध्ये बोलत नाही. छापील ठिकाणी सभासदाने नाव देऊ नये हा त्यांचा दंडक. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. आमच्या घरून त्या सभेला जाणे माझ्याही आधी सुरू झाले होते, हे मला मागाहून कळले.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने जिद्दीने एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. मलाही आधी दाखल व्हावे लागले. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे, तसेच सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांतही उपचार होतात. सभा त्यानंतरची.

आता कार्यकारिणीत निघालेल्या आक्षेपाबद्दल. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, सभेच्या शेवटी प्रार्थनाही होते. मग बौद्धाने जावे का? मीही हेच विचारले होते. जुने मास्तर म्हणाले, “देव राहू दे. ही समोरची दहा माणसे आज प्यायलेली नाहीत. तुझ्या एकट्यापेक्षा ती जास्त आहेत की नाहीत?” संघाला शरण जाणे मी लहानपणापासून म्हणत आलो, त्याचा अर्थ मला त्या बाकावर लागला. प्रार्थनेतल्या ईश्वराच्या शब्दाला मी गप्प राहतो. कोणी हरकत घेत नाही.

दुसरा आक्षेप बदनामीचा. विहारात दारुडे जमतात असे लोक म्हणतील. अहो, जमत तर आम्ही होतोच, रविवारी!

नऊ वर्षे झाली. मध्ये एकदा, सातव्या महिन्यात, घसरलो. पुढच्या गुरुवारी गेलो आणि सांगितले.

माझी मागणी लहान आहे. विहारामागची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ सभेला द्यावी. फुकट देऊ नये. ते भाडे देतील, त्यांचा तसा नियमच आहे. दारावर पाटी लावू नये. ठराव येत्या बैठकीत आहे. तोपर्यंत ज्याला जायचे असेल, त्याने कार्यक्रमानंतर चपलांपाशी मला गाठावे. मी गुरुवारी साडेसहाला निघतो, बरोबर नेईन. जयभीम.