हरलेल्या संघाचा पुढचा सामना



ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय साहित्याचा किंवा इतिहासाचा असावा, अशी आपली अपेक्षा असल्यास ती स्वाभाविकच आहे. मी मात्र विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगविषयी बोलणार आहे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय परका ठरू नये. कारण हा खेळच मुळी एका शिक्षकाने आपल्या वर्गाची निकड म्हणून जन्माला घातला. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, हिवाळ्यामुळे बंद खोलीत कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी जेम्स नायस्मिथ यांनी सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या लावल्या आणि तेरा नियम लिहून काढले. वाय.एम.सी.ए.च्या मार्गाने तो हिंदुस्थानात आला. आपल्या प्रदेशापुरते बोलायचे, तर 1857च्या संग्रामाच्या शताब्दी वर्षी, 1957 मध्ये, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले आणि तेथे शिकलेले शिक्षक देशभर गेले.

आता कोणी विचारील, विद्यापीठांच्या स्पर्धा तर होतातच. मग ही नवी लीग कशाला? प्रश्न रास्त आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या आश्रयाने दरवर्षी आंतरविद्यापीठीय स्पर्धा होतात. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे विभाग असतात. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा यांचा पश्चिम विभाग. विभागातील अग्रगण्य संघ अखिल भारतीय फेरीत जातात. सर्व खेळांतील कामगिरी मोजून उत्तम विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्याची प्रथा 1956-57 पासून आहे. 2020 साली भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, त्यांतही बास्केटबॉल आहे. एवढे सारे असूनही माझी तक्रार उरते. ती स्पर्धेच्या रचनेविषयी आहे.

विभागीय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने सुरू होते. हिशेब करून पाहा. 32 संघांची बाद पद्धतीची स्पर्धा 31 सामन्यांत आटोपते. त्यांपैकी 16 संघ एकच सामना खेळून गाशा गुंडाळतात, आठ संघ दोन सामने खेळतात. म्हणजे चोवीस संघांची वर्षभराची मेहनत एका-दोन दुपारीच संपते. याउलट आठ संघांनी एकमेकांशी दोन-दोनदा खेळावे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, तर 56 सामने होतात आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला 14 येतात. मराठी वृत्तपत्रांनी 'लीग'ला 'साखळी' हा शब्द रूढ केला, तो मला मूळ शब्दाहून सरस वाटतो. साखळीत एक सामना दुसऱ्यात अडकलेला असतो. आजच्या पराभवाला आठवड्याने उत्तर देता येते.

एकदा मुलींच्या एका संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून मी गेलो होतो. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. प्रवासाची मंजुरी इतकी उशिरा आली, की आरक्षण मिळाले नाही. मुलींनी रात्र डब्याच्या दाराशी सामानावर बसून काढली, सकाळी नऊला त्या मैदानात उतरल्या आणि अकराच्या आत स्पर्धेबाहेर गेल्या. संघात बैतूलकडची एक मुलगी होती. बूट सोडता सोडता तिने विचारले, "सर, आता पुढचा सामना कधी?" ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. मी काही बोललो नाही. तिच्या मैत्रिणीने तिच्या हाती पाण्याची बाटली दिली.

जगात अन्यत्र काय चालते? फिलिपिन्समध्ये 1938 पासून विद्यापीठांची क्रीडासंघटना आहे. तिच्यात आज मनिला महानगरातील आठ विद्यापीठे असून प्रत्येक संघ साखळीत 14 सामने खेळतो आणि मगच पहिल्या चारांची फेरी होते. तेथे सगळे एकाच महानगरात राहतात, आपल्याला ती सोय नाही, हे मान्य. म्हणून मला त्याहून उपयोगी वाटते ते अमेरिकेतील आयव्ही लीगचे उदाहरण. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांची ही साखळी. सामने तेच चौदा. खेळासाठी म्हणून तेथे शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यांनी जवळच्या विद्यापीठांच्या जोड्या पाडल्या: हार्वर्ड-डार्टमथ, येल-ब्राऊन, पेन-प्रिन्स्टन, कोलंबिया-कॉर्नेल. पाहुण्या संघाने शुक्रवारी जोडीतील एकाशी व शनिवारी दुसऱ्याशी खेळावे आणि सोमवारी आपल्या वर्गात हजर राहावे, अशी वहिवाट तेथे वर्षानुवर्षे चालली. अमेरिकेतले सगळेच मात्र घेण्यासारखे नाही. तेथील मोठ्या विद्यापीठांतील बास्केटबॉल हा आता प्रचंड पैशाचा व्यवहार आहे. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली आणि 2025 मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट मोबदलाही देऊ लागली. खेळाडूच्या घामावर इतरांनी कमवावे, त्यापेक्षा हे न्याय्यच. पण आपल्याला इतक्या दूरच्या चिंतेचे आज कारण नाही.

या जोड्यांची कल्पना मी नकाशा घेऊन पश्चिम विभागाला लावून पाहिली. भोपाळ-इंदूर, नागपूर-अमरावती, मुंबई-पुणे, बडोदे-अहमदाबाद. प्रत्येक जोडीतील अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे. भोपाळच्या संघाला परगावी सात सामने खेळायचे. इंदूरला तो सकाळी जाऊन रात्री परतेल. उरलेले सहा सामने तीन दौऱ्यांत बसतात, प्रत्येक दौऱ्यात दोन. संपूर्ण हंगामात लांबचे प्रवास तीनच. मुलांचा व मुलींचा संघ एकाच गाडीने जावा आणि त्याच मैदानावर लागोपाठ खेळावा. म्हणजे पंच, मैदान आणि प्रेक्षक दोघांनाही मिळतील, आणि मुलींचा सामना रिकाम्या बाकांपुढे भल्या सकाळी उरकला जाणार नाही. चारही विभागांत असेच झाले, तर प्रत्येकातील पहिले दोन, असे आठ संघ राष्ट्रीय फेरीसाठी एका शहरी येतील. विभाग आधीच पडलेले आहेत; नवा डोलारा उभारावा लागणार नाही.

अडचणी आहेत, आणि त्यांतली मोठी अडचण पैशांची नाही. परदेशी विद्यापीठ बहुधा एका आवारात नांदते. आपले विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांत विखुरलेले असते. 1970 साली भोपाळ विद्यापीठ म्हणून स्थापन झालेले आणि 1988 पासून क्रांतिकारक बरकतुल्ला यांचे नाव धारण करणारे आपले विद्यापीठच घ्या. त्याचा विस्तार विदिशा, राजगडपर्यंत. खेळाडू निवडचाचणीत प्रथम एकमेकांना पाहतात, अल्पकाळ शिबिरात राहतात आणि गाडीत बसतात. असा संघ दहा-बारा आठवडे एकत्र कसा ठेवायचा? माझ्या मते, हंगामापुरती त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या वसतिगृहात करावी आणि त्यांना जवळच्या महाविद्यालयात तासांना बसण्याची परवानगी द्यावी. तेथील हजेरी त्यांच्या मूळ महाविद्यालयाने ग्राह्य धरली पाहिजे. सामन्याच्या दिवशी अंतर्गत परीक्षा आली, तर ती पुन्हा घेण्याचा नियम छापील असावा. प्राचार्यांच्या मर्जीवर तो सोडू नये. विद्यार्थी म्हणून ज्याची हजेरी भरत नाही, त्याला विद्यार्थ्यांच्या साखळीत खेळवण्यात मला स्वारस्य नाही. मात्र हजेरी भरण्याची वाट तरी आपण त्याच्यासाठी मोकळी ठेवली पाहिजे.

यातील हजेरी आणि परीक्षा यांविषयीचे ठराव प्रत्येक विद्यापीठाला आपल्या घरी करता येतात; त्यांसाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. सभागृहात काही माजी विद्यार्थी आज महाविद्यालयांत प्राध्यापक आहेत, एक-दोघे विद्यापीठाच्या समित्यांवरही असतील. मसुदा मी लिहून आणला आहे, दोन पानांचा. व्याख्यानानंतर तो टेबलावर ठेवतो. दुरुस्त्या पेन्सिलीने कराव्यात, म्हणजे मला वाचता येतील.