मनात रुतलेला भाव

२०२२ मध्ये कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला. तो आकडा मनात असा रुतला, की पुढच्या हंगामात जळगाव-धुळ्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी कापूस घरातच ठेवला. खोल्यांत ढीग लागले, भाव मात्र उतरत गेला. शेअर बाजारातही माणूस खरेदीच्या भावाला असाच चिकटून बसतो.

प्रत्येकाचा मोह वेगळा. बार्बर आणि ओडियन या संशोधकांनी अमेरिकेतल्या ३५ हजारांहून अधिक कुटुंबांची शेअर-खाती तपासली. पुरुषांची उलाढाल स्त्रियांपेक्षा ४५ टक्के जास्त होती आणि त्यापायी त्यांचा परतावाही अधिक घटला. इथे फाजील आत्मविश्वास नडतो.

तरुणांची काळजी जास्त वाटते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वायदे व्यवहारांत उतरलेल्या ९३ टक्के व्यक्तींनी पैसे गमावले. शेवटच्या वर्षी हे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते.