योगवर्ग आणि आपली रीतभात

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



विषय दिला आहे 'योगवर्गातील शिष्टाचार आणि साधे निरोगी जगणे'. कोणाला वाटेल, की ही बाई आता 'उशिरा येऊ नका, बडबड करू नका, चपला ओळीने ठेवा' एवढे सांगून खाली बसणार. ते मी सांगणार आहेच. पण त्याच्यामागे जे आहे ते आधी सांगते, कारण ते कळले की चपला आपोआप ओळीने लागतात.

पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत आसनाचा क्रम कितवा? तिसरा. त्याच्या आधी यम आणि नियम. म्हणजे हातपाय वळवायला शिकण्यापूर्वी माणसाने दुसऱ्याशी आणि स्वतःशी कसे वागावे, ते शिकायचे. आपण मात्र सतरंजी पसरली की थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतो. वर्गातला शिष्टाचार म्हणून जे सांगतात, तो दुसरे काही नसून रोजच्या वापरातले यमनियमच आहेत.

योग हा आपल्या घरात सहजासहजी आलेला नाही, हेही ध्यानात असू द्या. एके काळी तो साधुबैराग्यांचा विषय, संसारी माणसाने त्या वाटेला जाऊ नये, अशी समजूत होती. श्री योगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला संस्था काढून तो संसारी माणसांना शिकवायला सुरुवात केली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रे लावून तपासले. योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी १९७५ साली सुरू केलेल्या संस्थेला आपल्या दिवंगत पत्नीचे, रमामणींचे नाव दिले, आणि त्यांच्या कन्या गीताताईंनी स्त्रीच्या शरीराचा विचार करून योगावर ग्रंथ लिहिला. आपल्या नाशकातही विश्वास मंडलिक यांनी योगविद्येचे वर्ग चालवून पुष्कळ शिक्षक तयार केले. एवढ्या जणांनी खपून जे दार उघडले, ते आपल्या वागण्याने कोणासाठी लोटले जात नाही ना, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

यमांतला पहिला म्हणजे अहिंसा. अहिंसा म्हणजे मुंगी मारू नये एवढेच नव्हे. आपला गुडघा 'नको' म्हणत असताना शेजारणीचे पद्मासन पाहून आपणही पाय ओढून बसवतो, ती आपल्याच शरीराची हिंसा. आसन स्थिर आणि सुखाचे असावे, अशी पतंजलींची अपेक्षा. ज्यात तोंड वेडेवाकडे होते ते आसन नव्हे. आणि जिभेची हिंसा तर त्याहून वाईट. 'किती सुटलीस गं!' 'एवढेही वाकता येत नाही?' असे आपण हसत हसत बोलतो. आपल्याच गावात अशा एका वाक्यावरून एक भगिनी वर्गाला यायची कायमची थांबली. बोलणारीला ते वाक्य आठवतही नसेल. म्हणून माझा पहिला नियम असा, की वर्गात कोणीही कोणाच्या अंगाबद्दल बोलू नये. चांगलेही नको, वाईटही नको.

दुसरे सत्य. शिक्षिकेपासून आपले दुखणे लपवू नये. रक्तदाब वाढलेला असेल, काचबिंदू असेल, हर्निया असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर शीर्षासन, सर्वांगासन किंवा जोराची कपालभाती अपाय करू शकते. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क बाईने कमरेतून फार वाकणे टाळावे. दिवस गेलेल्या मुलीने पोटावर झोपण्याची व पोटाला पीळ देणारी आसने करू नयेत. नव्या सुनेला हे चारचौघींत सांगायला संकोच वाटतो. तिने शिक्षिकेला बाजूला घेऊन सांगावे, आणि शिक्षिकेने ते पोटात ठेवावे. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र योगाच्या भरवशावर कोणी बंद करू नये.

तिसरे अस्तेय, म्हणजे चोरी न करणे. तुम्ही म्हणाल, वर्गात चोरी कसली? वेळेची! दहा मिनिटे उशिरा येऊन सगळ्यांच्या पायांमधून वाट काढणे, शवासन चालू असताना मोबाईल वाजू देणे, ही दुसरीच्या शांततेची चोरी आहे. घरी घाई असेल तर शवासनापूर्वीच हळूच उठावे. मध्येच भांडी वाजवल्यासारखे उठू नये. आणि कोणी उशिरा आलीच तर माना वळवून तिच्याकडे पाहू नये. घरातले पाणी भरून, मुलाला शाळेच्या गाडीत बसवून ती आली आहे. ती आली हेच पुष्कळ.

नियमांत शौच आणि संतोष येतात. पाय धुऊन यावे, सतरंजी आपापली आणावी व आठवड्याला उन्हात घालावी, फार उग्र अत्तर लावू नये. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. महागडी रबरी चटई नसली तरी अडत नाही. न सरकणारी जाड सतरंजी किंवा घोंगडी पुरते. कपड्यांचेही तसेच. कोणी पंजाबी पोशाख घालते, कोणी नऊवारी नेसते. कासोटा घातलेल्या बाईची कुठलीच आसने अडत नाहीत! ज्याला जे मोकळे वाटते ते चांगले.

आता ब्रह्मचर्य राहिले, म्हणून काही जणी हसताहेत. आपण संसारी बायका त्याचा अर्थ संयम असा घेऊ, आणि तो ताटावर दाखवू. पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा, असे हठयोगाचे जुने ग्रंथ सांगतात. पण आपल्या घरात उलटे घडते. सगळ्यांचे झाल्यावर बाई जेवते. कधी तिला पुरेसे उरत नाही, तर कधी वाया जाऊ नये म्हणून नको असलेले दोन घास ती पोटात ढकलते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दर दोघींत एकीहून जास्त. धाप लागते ती वयामुळे, असे आपण म्हणतो. एकदा रक्त तपासून घ्यावे.

उपाय दूरचा नाही. आपला तालुका कमी पावसाचा. बाजरी, मटकी, हुलगे ही आपलीच धान्ये. बाजरीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, मेथी किंवा अंबाडीची भाजी, वर लिंबाची फोड. लिंबामुळे धान्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र ते अडवतो. म्हणून चहा तासभर पुढे ढकलावा. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजावे. आठवड्यातून दीडशे मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोंदेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायला पैसे पडत नाहीत.

भगिनींनो, आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्या वर्गात आज कोण नाही, ते पाहा. सिन्नरचे नाव विड्यांमुळे दूरवर गेले; त्या विड्या वळल्या बायकांनी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मान खाली आणि बोटे चालू, असे तासन् तास बसायचे. पाठ, मान आणि खांदे यांना योगाची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल तर या भगिनींना. मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींनाही आहे. पण त्या येत नाहीत. सकाळी सहाची वेळ त्यांची नाही, आणि 'त्या साऱ्या मोठ्या घरच्या बायका, तिथे आपण कशा जायचे' असे त्यांना वाटते. मग आपली आसने कितीही सुबक होवोत, पहिली पायरी चुकलीच म्हणायची.

म्हणून वर्धापनदिनी मी मंडळाला तीन गोष्टी मागते. एक, दुपारी साडेचारला दुसरा वर्ग सुरू करावा. दोन, मागच्या रांगेत चार खुर्च्या ठेवाव्यात, म्हणजे खाली बसता न येणारी आजीही खुर्चीत हात वर करील, मान वळवील. तीन, आपल्यापैकी प्रत्येकीने शेजारच्या एका विड्या वळणाऱ्या बाईला बरोबर आणावे. आणि ती येईपर्यंत तिला एवढे सांगावे, की तासातासाने उठून हात वर ताणायचे, काम खिडकीपाशी करायचे, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय घास घ्यायचा नाही व लेकराला उचलायचे नाही.

मागे बसलेल्या पुरुषमंडळींनाही एक विनंती आहे. ती पाऊण तास वर्गाला गेली की चहा आपण करून घ्यावा, आणि 'झाली का तुमची कसरत?' असे विचारू नये. घरातला शिष्टाचार सांभाळला गेला, तरच वर्गातला टिकतो.

दुपारच्या वर्गासाठी नावे द्यायची वही दाराशी ठेवली आहे. जाताना आपले नाव लिहाच, पण त्याखाली शेजारणीसाठी एक ओळ मोकळी सोडा.