सातपुड्याचा उन्हाळा आणि आदिवासींचे आरोग्य



बुलढाणा हे नाव मूळच्या ‘भिलठाणा’ या शब्दावरून, म्हणजे भिल्लांच्या ठाण्यावरून, आले असे सांगतात. ज्यांनी गावास नाव दिले, त्यांचे क्षेमकुशल विचारण्याचा प्रसंग आपणां शहरवासीयांस क्वचितच येतो. आजच्या भाषणाच्या निमित्ताने तो आणावा, असे योजिले आहे.

घाटावरच्या लोकांस उन्हाळा त्या मानाने सुसह्य असतो. परंतु घाट उतरून पूर्णेपलीकडे गेले, की जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके लागतात. तेथे सातपुड्याच्या कुशीत कोरकू, निहाल, भिल्ल व भिलाला लोकांची वस्ती आहे. निहाल लोकांची निहाली भाषा तर जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही, आणि ती बोलणारे उणेपुरे दोन-अडीच हजारच असावेत.

उन्हाळा या लोकांस नवा नव्हे. त्याच्याशी कसे वागावे, याचे शास्त्र त्यांनी अनुभवाने सिद्ध केले आहे. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचण्यास बायकामुले उजाडण्यापूर्वीच निघतात आणि ऊन चढण्याच्या आत परततात. बांबूच्या तट्ट्यांना माती-शेणाचा लेप दिलेल्या भिंती व वर कौले, असे घर दुपारी टिनाच्या घराइतके तापत नाही. नदी आटली, की वाळूत झिरा खणून पाणी काढावयाचे, ही त्यांची जुनी रीत. आदिवासींच्या अशा ज्ञानाचे महत्त्व २०२२ साली जागतिक हवामान-समितीच्या अहवालानेही मान्य केले.

परंतु केवळ पूर्वजांच्या शहाणपणावर भिस्त ठेवून आता भागणार नाही. शरीर घामावाटे उष्णता बाहेर टाकते. हवाच शरीराहून अधिक तापली व रात्रीही निवली नाही, तर शरीरास विसावा मिळत नाही. ओढे लवकर आटले, की झिऱ्याचे पाणी थोडे व गढूळ होते. मग पहिल्या पावसाबरोबर हगवणीची साथ येते. अशा वेळी एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढे साधे औषध मुलाचे प्राण वाचवू शकते. चमचा मात्र चहाचा असावा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. मध्य भारतातील आदिवासींत हा रक्तदोष बराच आढळतो. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला, तर मनुष्य बहुधा धडधाकट राहतो. एवढेच नव्हे, तर हिवतापापासून त्याचे काहीसे रक्षणही होते. दोघांकडून आला, तर मात्र रोग जडतो. शरीरातील पाणी कमी झाले, की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. ज्या गुणाने रानात हिवतापापासून वाचविले, तोच कडक उन्हात असा उलटतो. १ जुलै २०२३ रोजी याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्ततपासणी, औषध व भरपूर पाणी यांनी हे दुःख पुष्कळ हलके होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रानात काम केव्हा थांबवावे हे आदिवासी स्वतः ठरवितो. पोटासाठी तो डोंगर उतरून वीटभट्टीवर किंवा इमारतीच्या कामावर आला, की त्याचे घड्याळ मुकादमाच्या हाती जाते. शिवाय पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीही खारे! ज्ञान असूनही ते वापरण्याची मुभा नाही, ही खरी अडचण होय.

तिच्यावर दोन उपाय दिसतात. पहिला, गावातच रोजगार. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील पायविहीर येथील ग्रामस्थांनी २००६ च्या कायद्याचा आधार घेऊन २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळविला, ओसाड रान पुन्हा राखले आणि सीताफळांच्या विक्रीतून मिळकत उभी केली. सावली, फळ व मजुरी एकाच झाडाने दिली.

दुसरा उपाय आपल्या हातचा आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेस उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने आगाऊ इशारा देण्याची योजना आखली. आपल्याकडेही इशारे निघतात. परंतु ते कोरकू, निहाली, भिलाली बोलीत आशाताईंच्या तोंडून पाड्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. आपणांपैकी जे घर बांधीत असतील, त्यांनी काम पहाटे सुरू करून दुपारी बारा ते चार बंद ठेवावे व त्यापायी मजुरी कापू नये. गोडे पाणी व सावली ठेवावी. मजूर बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

आदिवासींस उन्हाचे धडे देण्याची फारशी गरज नाही. त्यांना ठाऊक असलेले नियम आपल्या अंगणात त्यांना पाळू द्यावेत, एवढेच मागणे आपणांपाशी आहे.