रहस्यकथाकाराला पंक्तीबाहेर का बसवता?

मराठी समीक्षेने रहस्यकथाकाराला कायम पंक्तीबाहेर बसवलं. वाचनालयात त्याचीच पुस्तकं हाताळून हाताळून खिळखिळी झाली, पण वाङ्मयाच्या इतिहासात त्याची बोळवण जेमतेम एखाद्या परिच्छेदात झाली. हा अन्याय आहेच. पण माझी तक्रार त्याहून मोठी आहे. रहस्यकथा वेगळी आणि साहित्य वेगळं, ही वाटणीच मुळात खोटी आहे. ती खोटी ठरवणारा माणूस आपल्या पुण्यातच राहून गेला. तो बंगाली लेखक म्हणजे शरदिंदु बंद्योपाध्याय.

जन्म 1899चा, जौनपूरचा. कायदा शिकले, पण वकिलीत रमले नाहीत. 1932मध्ये त्यांनी ब्योमकेश बक्षी हा गुप्तहेर उभा केला. 1938मध्ये हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला ते मुंबईत आले आणि 1952मध्ये चित्रपटसृष्टीला रामराम ठोकून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या 32 पूर्ण कथांपैकी निम्म्याहून अधिक त्यानंतरच्या आहेत. शिवरायांच्या सैन्यातला सदाशिव हा मराठी पोरगाही त्यांनी बंगाली मुलांसाठी रंगवला. आणि 1967मध्ये त्यांना रवींद्र पुरस्कार मिळाला.

इथे आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे: पुरस्कार मिळाला तो ‘तुंगभद्रार तीरे’ या विजयनगरच्या ऐतिहासिक कादंबरीला, ब्योमकेशला नव्हे. खरं आहे. पण म्हणून काय सिद्ध होतं? लिहिणारा हात एकच होता. पुढे काय होणार ही ओढ पानापानावर जागती ठेवण्याची विद्या त्याने ब्योमकेशवर घासूनपुसून लख्ख केली आणि तीच विजयनगरला नेली. बक्षीस देणाऱ्यांनी अर्धा माणूस पाहिला, तर दोष नजरेचा आहे.

दुसरा आक्षेप जुनाच: खुनी कळला की पुस्तक संपलं, पुन्हा कोण वाचणार? ‘पथेर काँटा’ ही ब्योमकेशचीच कथा घ्या. भर रस्त्यात माणसं मरतात, छातीत ग्रामोफोनची सुई घुसलेली. ती सुटते सायकलच्या घंटीतून. कलकत्त्याच्या गजबजाटात घंटी वाजली तर कोण दचकणार? शिवाय वाटेतला काटा काढून हवा असेल, तर अमुक दुकानाच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहा, अशी जाहिरात चक्क वर्तमानपत्रात येते. आता मी रहस्य फोडलं. कथा मेली का? मुळीच नाही. जिथे खुनाचं कंत्राट छापील जाहिरातीवर देता येतं आणि कुणी कुणाकडे वळून पाहत नाही, ते शहर उत्तर कळल्यावर अधिकच अंगावर येतं. ‘आदिम रिपु’मध्ये तर 1946च्या दंगलींनी होरपळलेलं कलकत्ता आहे. खुनी सापडतो, आणि ब्योमकेश त्याला सोडून देतो. कायदा मोठा की न्याय, हा प्रश्न वाचकाच्या गळ्यात तसाच अडकून राहतो. हे कोडं नव्हे, हे साहित्य आहे, आणि एकदा वाचून बाजूला टाकण्याजोगं तर नाहीच.

‘शरदिंदु ठीक, पण आमचे बाबूराव अर्नाळकर?’ असं आता कुणी म्हणेल. चंद्रकांत सखाराम चव्हाण या माणसाने त्या नावाने हजारांवर पुस्तकं लिहिली. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय यांनी पिढ्यान् पिढ्या मराठी माणसाला वाचनाची चटक लावली. त्यातलं बरंच घाईचं, बरंच इंग्रजीवर बेतलेलं, असं सांगितलं जातं. असेल. हजारांत भरताड असणारच. पण भरताड कोणतं आणि दाणा कोणता, हे पाखडून कुणी दाखवलं? पाखडायला बसणं हे समीक्षकाचं काम, आणि आपण सूपच हाती घेतलं नाही. न वाचता दिलेल्या निकालाला मी समीक्षा मानत नाही. इथे बसलेल्या प्राध्यापकांना हे झोंबेल, तर झोंबू दे.

या संमेलनाकडून मला अभिनंदनाचा ठराव नको. अर्नाळकरांच्या उपलब्ध पुस्तकांची शास्त्रशुद्ध सूची व्हावी. त्यातली निवडक पुस्तकं प्रस्तावना आणि टिपांसह पुन्हा छापली जावीत. एम.ए.च्या अभ्यासक्रमात रहस्यकथेला एक पूर्ण प्रश्नपत्रिका मिळावी, आणि तिच्यात शरदिंदुबाबूंच्या शेजारी आपला माणूस असावा. त्यासाठीची समिती आजच, याच मांडवात नेमली जावी, हा प्रस्ताव मी अध्यक्ष म्हणून सभेपुढे ठेवतो आणि त्यावर मतदान मागतो.